मूत्रपिंडातील खडा आणि दुर्बिणीची वाट

मराठी बोलण्यात ‘दुर्बीण’ हा शब्द आता दोन अर्थांनी रूढ झाला आहे. आकाशातील ग्रह पाहावयाचे साधन ती दुर्बीण. आणि ‘खडा दुर्बिणीने काढला’ असे रुग्ण सांगतो, तेव्हा त्याला अभिप्रेत असते तीही दुर्बीणच. दूरचे पाहणारी ती दुर्बीण, या फारसी व्युत्पत्तीकडे पाहिले तर दुसरा अर्थ काहीसा विचित्र वाटतो. कारण येथे पाहावयाचे ते शरीराच्या आत हातभर अंतरावर असते. तथापि भिंगांच्या मालिकेतून प्रतिमा डोळ्यापर्यंत वाहून आणणे हे तत्त्व बराच काळ दोहोंकडे समान होते, आणि त्यामुळे या शब्दाला दोष देण्याचे कारण नाही. दोष द्यावयाचा तर तो या शब्दाभोवती जमलेल्या समजुतीला दिला पाहिजे. दुर्बिणीने केलेली शस्त्रक्रिया ही शस्त्रक्रियाच नव्हे, छेद नाही म्हणून धोकाही नाही, अशी ती समजूत होय. धोका नाहीसा झालेला नाही. त्याने आपले स्थान बदलले आहे. ते कसे, हे समजण्यासाठी खड्यापर्यंत पोहोचण्याच्या वाटा आणि त्या वाटांची रचना पाहिली पाहिजे.

सुश्रुतसंहितेत अश्मरीवरील शस्त्रकर्माचे जे वर्णन आहे, ते मूत्राशयातील खड्याचे होय. मूत्राशय शरीराच्या तळाशी असल्यामुळे तेथे खालून पोहोचता येते. हे कर्म अखेरचा उपाय मानावे आणि त्यापूर्वी राजाची अनुमती घ्यावी, असा सुश्रुताचा आदेश आहे. त्यावरून त्या काळी या कर्मातील जिवाची जोखीम किती उघडपणे मान्य केलेली होती हे दिसते. मूत्रपिंड मात्र पाठीच्या बाजूस, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला, स्नायूंच्या थरांमागे खोल बसलेले असते. तेथील खडा काढण्यासाठी कुशीत वीतभर छेद घेऊन, स्नायूंचे थर कापून, प्रसंगी बाराव्या बरगडीचा तुकडा काढून आत शिरावे लागे. जखम भरून रुग्ण कामावर जाईपर्यंत काही आठवडे लोटत. हातावर पोट असणाऱ्या कुटुंबात या आठवड्यांची किंमत आजाराहून कमी नसे.

त्याहून मोठी अडचण अशी की, खडा हा एकदा काढून संपणारा विकार नव्हे. एकदा खडा झालेल्या व्यक्तींपैकी तीस ते पन्नास टक्के व्यक्तींना दहा वर्षांच्या आत तो पुन्हा होतो. दुसऱ्या वेळी त्याच कुशीत छेद घेतला की पहिल्या जखमेच्या व्रणांत ऊतक एकमेकांस चिकटलेले असे, थर ओळखू येत नसत आणि मूत्रपिंडच दुखावण्याची शक्यता वाढे. वारंवार होणाऱ्या आजारावर वारंवार करता येईल असा उपाय हवा होता. छेद टाळण्यामागे रुग्णाची सोय हे कारण होतेच. परंतु मूत्रपिंड वाचविणे हे त्याहून थोर कारण होते.

मूत्रपिंडात तयार झालेले मूत्र प्रथम पेल्यासारख्या लहान कोशांत, तेथून नसराळ्याच्या आकाराच्या द्रोणीत आणि तेथून मूत्रवाहिनीत उतरते. मूत्रवाहिनी (आयुर्वेदात हिलाच गविनी म्हणतात) ही सुमारे पंचवीस ते तीस सेंटिमीटर लांबीची, तीन-चार मिलिमीटर पोकळीची स्नायुमय नळी आहे. तिच्या वाटेत तीन अरुंद जागा आहेत : द्रोणीतून ती निघते तेथे, कटीच्या काठावर मोठ्या रक्तवाहिन्यांवरून ती खाली वळते तेथे, आणि मूत्राशयाच्या भित्तीतून ती आत शिरते तेथे. खडा अडकावयाचा तो बहुधा यांपैकी एका जागी, आणि अधिक वेळा तिसऱ्या. अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संकलनानुसार मूत्रवाहिनीतील पाच मिलिमीटरपर्यंतच्या खड्यांपैकी सुमारे ६८ टक्के, आणि पाच ते दहा मिलिमीटरच्या खड्यांपैकी सुमारे ४७ टक्के, आपोआप पडून जातात. म्हणजे खडा दिसला की लगेच दुर्बीण घालावी असे नाही. संसर्ग नसेल आणि वेदना औषधाने आटोक्यात राहत असतील, तर काही आठवडे वाट पाहणे हाच पुष्कळदा शहाणपणाचा उपचार ठरतो.

येथे वेदनेविषयी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. खड्याच्या कडा आतून ओरबाडतात म्हणून कळ येते, असे सामान्यतः समजले जाते. प्रत्यक्षात कळ येते ती अडलेल्या मूत्रामुळे द्रोणी आणि मूत्रपिंड ताणले गेल्याने. म्हणून वाटाण्याहून लहान खडा माणसाला जमिनीवर लोळावयास लावतो, आणि संपूर्ण द्रोणी व्यापून हरणाच्या शिंगासारखा फांद्या फुटलेला खडा वर्षानुवर्षे मुकाट राहून मूत्रपिंड नासवू शकतो. कळ थांबली म्हणजे खडा पडला, असेही म्हणता येत नाही. अडथळा तसाच राहून मूत्रपिंडाची मूत्र गाळण्याची शक्ती मंदावली, तरी ताण कमी होऊन कळ थांबते. खडा पडल्याची खात्री छायाचित्राने किंवा ध्वनिलहरींच्या तपासणीनेच करावी लागते.

आता दुर्बिणीकडे वळू. शरीराच्या अरुंद पोकळीत पाहण्याची मुख्य अडचण भिंगाची नव्हती, उजेडाची होती. फ्रँकफुर्टचा वैद्य फिलिप बोझिनी याने १८०६ च्या सुमारास मेणबत्ती आणि आरसा यांच्या साहाय्याने शरीराच्या पोकळ्यांत उजेड टाकणारे उपकरण तयार केले. पण बाहेरून टाकलेला उजेड फार आत पोहोचत नसे. माक्सिमिलियन निट्झे या जर्मन वैद्याने १८७९ मध्ये व्हिएन्ना येथे जे उपकरण दाखविले, त्यात उजेडाचे उगमस्थानच नळीच्या टोकाशी, म्हणजे मूत्राशयात, नेलेले होते. विजेने तापून प्रकाशणारी प्लॅटिनमची तार आणि ती भाजू नये म्हणून भोवती खेळविलेले पाणी, अशी ती योजना होती. पुढे एडिसनच्या दिव्याची लहान आवृत्ती मिळाल्यावर पाण्याचे हे लचांड गेले. या साधनाने मूत्राशय दिसू लागला. मूत्रवाहिनी अद्याप दूरच होती. अमेरिकेतील ह्यू हॅम्पटन यंग यांनी १९१२ मध्ये एका बालकाच्या जन्मजात अडथळ्यामुळे फुगलेल्या मूत्रवाहिनीतून अशी दुर्बीण थेट मूत्रपिंडाच्या द्रोणीपर्यंत नेली. पण ती वाट विकाराने रुंद झाली होती म्हणून जमले, हे विसरता येत नाही.

नळी बारीक करावी तर प्रतिमा अंधूक होते, हा पेच सुटला तो इंग्लंडमधील पदार्थवैज्ञानिक हॅरल्ड हॉपकिन्स यांच्या दोन कल्पनांमुळे. जुन्या दुर्बिणीत लांब हवेच्या पोकळीत थोड्या थोड्या अंतरावर पातळ भिंगे बसविलेली असत. लिव्हरपूलचे मूत्ररोगतज्ज्ञ जेम्स गाऊ यांना मूत्राशयाची छायाचित्रे घ्यावयाची होती आणि त्यासाठी पुरेसा प्रकाश मिळत नव्हता. त्यांची अडचण ऐकून हॉपकिन्स यांनी ही रचना उलटी केली : लांब काचेच्या कांड्या आणि त्यांमध्ये हवेच्या अरुंद फटी, जणू हवेचीच भिंगे. काचेतून प्रकाश अधिक प्रमाणात वाहून येतो, आणि कांड्या नळीत नेमक्या बसविणेही सोपे जाते. १९५९ मधील या कल्पनेवर ताठ दुर्बिणींची पुढील पिढी उभी राहिली.

दुसरी कल्पना लवचिक दुर्बिणीची. काचेचा केसासारखा बारीक तंतू वाकविला तरी त्यात एका टोकाने शिरलेला प्रकाश आतल्या आत परावर्तित होत दुसऱ्या टोकाने बाहेर पडतो. असे हजारो तंतू एकत्र बांधले, आणि दोन्ही टोकांस त्यांची मांडणी अगदी सारखी ठेवली, तर प्रत्येक तंतू चित्राचा एकेक बिंदू वाहून नेतो व चित्र वाकड्या वाटेनेही अखंड पोहोचते. हॉपकिन्स आणि त्यांचे विद्यार्थी नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात अशा जुडग्याचे वर्णन प्रसिद्ध केले. कपानी हे मूळचे पंजाबातील मोग्याचे. पुढे ते अमेरिकेत स्थायिक झाले, आणि २०२० मध्ये त्यांचे निधन झाल्यावर २०२१ मध्ये त्यांना भारत सरकारने मरणोत्तर पद्मविभूषण दिले. १९६४ मध्ये व्हिक्टर मार्शल यांनी तंतूंची दुर्बीण मूत्रवाहिनीत नेल्याचे नमूद केले, आणि १९८० मध्ये माद्रिदचे पेरेझ-कास्त्रो यांनी मूत्रपिंडाच्या द्रोणीपर्यंत पोहोचणारी खास लांब ताठ दुर्बीण वापरात आणली. अलीकडच्या लवचिक दुर्बिणींत तंतूंच्या जुडग्याची जागा टोकावरील सूक्ष्म कॅमेऱ्याने घेतली आहे. तेव्हा काटेकोरपणे बोलावयाचे तर तिच्यातील ‘दुर्बीण’ आता नावापुरतीच उरली आहे.

मूत्रमार्गाने जाणाऱ्या या पद्धतीत त्वचेला कोठेही छेद नसतो. रुग्णाला भूल दिल्यावर प्रथम एक गुळगुळीत, बोथट टोकाची तार मूत्राशयातून मूत्रवाहिनीत सरकवून क्षकिरणांच्या पडद्यावर तिचे टोक मूत्रपिंडात पोहोचलेले पाहतात. ही तार शस्त्रक्रिया संपेपर्यंत जागेवरच राहते. मूत्रवाहिनीला इजा झाली तरी वाट हरवत नाही. तारेच्या आधाराने दुर्बीण वर जाते. खडा खालच्या भागात असेल तर ताठ दुर्बीण पुरते. वरच्या भागात किंवा मूत्रपिंडाच्या कोशांत असेल तर लवचिक दुर्बीण लागते. तिचे टोक दोनशे सत्तर अंशांपर्यंत वळू शकते, म्हणजे ती स्वतःच्या मागेही पाहू शकते. मूत्रवाहिनी घट्ट असेल तर बळजबरी करावयाची नाही, हा येथील पहिला नियम. अशा वेळी नुसती नळी घालून परत यावे. दोनएक आठवड्यांत वाट सैल होते व दुसऱ्या खेपेस काम सुकर होते. बळजबरीने मूत्रवाहिनी आतून सोलली जाते, पुढे तेथे आकुंचन येते, आणि क्वचित ती मुळापासून तुटून येण्याचा भयंकर अपघातही घडतो.

खडा फोडण्यासाठी १९९० च्या दशकापासून होल्मियम लेसर प्रचारात आला. त्याची तरंगलांबी २.१ मायक्रोमीटर असून हा प्रकाश पाणी तत्काळ शोषून घेते. तंतूच्या टोकापुढील पाण्याची क्षणार्धात वाफ होऊन बुडबुडा तयार होतो, आणि त्या बुडबुड्यातून उरलेला प्रकाश खड्यावर पडून त्याला तापवून फोडतो. पाण्याच्या याच गुणामुळे ऊतकात हा प्रकाश अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी खोल जातो. म्हणून टोक भित्तीपासून किंचित दूर असले की भित्ती सुरक्षित राहते, टेकले की भोक पडते. अलीकडे आलेल्या थुलियम तंतू-लेसरची तरंगलांबी १.९४ मायक्रोमीटर असून तो पाण्यात याहूनही अधिक शोषला जातो, आणि खड्याचे पीठ अधिक बारीक होते. पीठ करून सोडून द्यावे की तुकडे करून तारेच्या चिमुकल्या टोपलीने बाहेर काढावे, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. पीठ करणे जलद खरे. पण खालच्या कोशात साचलेले पीठ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर चढून बाहेर पडेलच असे नाही, आणि उरलेला कण पुढच्या खड्याचे बीज होतो.

दोन सेंटिमीटरहून मोठ्या खड्यासाठी ही वाट अपुरी पडते. तेथे पाठीतून सरळ मूत्रपिंडात शिरण्याची वाट पसंत केली जाते. १९५५ मध्ये गुडविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुंबलेल्या मूत्रपिंडात सुईने नळी घालून मूत्र बाहेर काढण्याची पद्धती मांडली. १९७६ मध्ये स्वीडनमधील फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी मुद्दाम खड्यासाठीच अशी वाट करून तिच्यातून खडे काढल्याचे प्रसिद्ध केले. या पद्धतीचे सारे यश पहिल्या सुईवर अवलंबून असते. मूत्रपिंडाच्या पुढील आणि मागील रोहिणीशाखांच्या मध्ये तुलनेने कमी रक्तवाहिन्यांचा एक पट्टा असतो. माक्स ब्रोडेल या शरीरचित्रकाराने तो दाखवून दिला, म्हणून त्याला ब्रोडेलची रेषा म्हणतात. सुई मागील बाजूच्या कोशाच्या अगदी टोकातून शिरली तर ती या पट्ट्यातून जाते. कोशाच्या मानेतून किंवा थेट द्रोणीत शिरली तर मोठी रक्तवाहिनी फुटण्याचा संभव असतो. आणि हे लक्ष्य स्थिर नसते. श्वासागणिक मूत्रपिंड वरखाली हलते. सुईमागून तार, तारेवरून क्रमाने जाड होत जाणाऱ्या शलाका, आणि अखेर एक आवरण-नळी घालून त्यातून दुर्बीण व खडा फोडण्याची साधने आत जातात.

पूर्वी ही वाट आठ ते दहा मिलिमीटर रुंद असे. वाट जितकी रुंद तितका रक्तस्राव अधिक, हे उघड आहे. ९६ केंद्रांतील ५,८०३ रुग्णांच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय पाहणीत ५.७ टक्के रुग्णांना रक्त द्यावे लागले होते. तेव्हापासून वाट अरुंद करण्याची जणू स्पर्धाच सुरू आहे. तीत गुजरातेतील नडियादच्या मूत्ररोग रुग्णालयाचा वाटा मोलाचा आहे. तेथील महेश देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये सुईतच दृष्टी बसवून, सुमारे १.६ मिलिमीटर जाडीच्या त्या एकाच सुईतून खडा लेसरने फोडल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. अर्थात इतक्या बारीक वाटेतून खड्याचे तुकडे बाहेर काढता येत नाहीत, ते पीठ होऊन मूत्रावाटेच जावे लागतात. म्हणून ही पद्धती लहान खड्यांपुरतीच योग्य.

तिसरी वाट शरीरात न शिरताच खडा फोडण्याची. डॉर्निअर या विमाने बांधणाऱ्या जर्मन कंपनीतील आघात-तरंगांच्या अभ्यासातून ती निघाली, आणि म्यूनिकमध्ये क्रिस्तियान शाउसी यांनी ७ फेब्रुवारी १९८० रोजी पहिल्या रुग्णावर ती वापरली. तिची मर्यादा थोडक्यात अशी की खडा बाहेरून फुटला तरी तुकडे रुग्णाला स्वतःच बाहेर टाकावे लागतात. खडा फार कठीण असेल किंवा खालच्या कोशात असेल तर यश कमी मिळते, आणि तुकडे मूत्रवाहिनीत एकामागे एक अडकून रांग लागली तर दुर्बीण घालावीच लागते.

आता धोक्याचे स्थान कोठे सरकले, हे सांगता येईल. खुल्या शस्त्रक्रियेत धोका सुरीत होता. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत तो पाण्यात आहे. आत पाहण्यासाठी स्वच्छ लवणजल सतत खेळवावे लागते. अन्यथा रक्त आणि पीठ यांमुळे काही दिसत नाही. मूत्रपिंडाच्या द्रोणीतील स्वाभाविक दाब पंधरा सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाहून कमी असतो. तो चाळीसच्या पुढे गेला की द्रोणीतील द्रव उलट्या दिशेने शिरांत आणि लसवाहिन्यांत शिरू लागतो. पाण्याची पिशवी मूत्रपिंडापासून साठ सेंटिमीटर उंच टांगली आणि बाहेर पडण्याची वाट बंद राहिली, तर दाब साठपर्यंत चढणार, हे शाळेतील पदार्थविज्ञान सांगते. पाणी हाताने दाबून सोडले तर त्याहूनही पुष्कळ अधिक. लवचिक दुर्बिणीतील मार्ग जेमतेम १.२ मिलिमीटरचा. त्याच मार्गातून पाणी जावयाचे आणि त्यातच लेसरचा तंतू बसावयाचा; त्यामुळे नीट दिसेनासे झाले की पाण्याचा जोर वाढविण्याचा मोह होतो.

द्रव नुसता लवणजलाचा असता तर फारसे बिघडले नसते. पण काही खडे जंतूंनीच घडविलेले असतात. युरियाचे विघटन करणारे जंतू मूत्र क्षारधर्मी करतात आणि त्यातून जो खडा साकळतो, त्याच्या थराथरांत जंतू दडलेले असतात. मूत्राशयातील मूत्राची तपासणी निर्दोष असूनही खडा फुटताच जंतू आणि त्यांची विषद्रव्ये द्रोणीत मोकळी होतात, आणि दाब अधिक असेल तर रक्तात जातात. काही तासांनी रुग्णाला हुडहुडी भरते, रक्तदाब उतरतो, आणि त्वचेवर ओरखडाही नसलेला माणूस मृत्यूच्या दारी पोहोचतो. यावर उपाय आहेत : शस्त्रक्रियेपूर्वी मूत्राची जंतुपरीक्षा व योग्य प्रतिजैविक, पाणी परत येण्यासाठी मूत्रवाहिनीत आवरण-नळी, दाबावर लक्ष, आणि शस्त्रक्रिया दीड तासापलीकडे न लांबविणे. खड्याआडून पू वाहताना दिसला तर खड्याला हात न लावता नळी ठेवून बाहेर पडणे, हा सर्वांत अवघड उपाय. अवघड अशासाठी की खडा डोळ्यांसमोर असतो आणि बाहेर नातेवाईक तो हातात मिळण्याची वाट पाहत असतात.

याच कारणाने, कुशीतील कळ आणि थंडी वाजून ताप ही दोन्ही लक्षणे एकत्र आली की ती तातडीची स्थिती मानतात. अडलेल्या मूत्रपिंडात पू होत असेल तर तासांवर सारे अवलंबून असते. अशा रुग्णाचा खडा त्या दिवशी काढावयाचा नसतो. खालून नळी घालून किंवा पाठीतून सुईने वाट करून साचलेले मूत्र तेवढे बाहेर काढावयाचे असते. खड्याचा विचार ताप गेल्यावर. ‘ऑपरेशन केलेच नाही, नुसती नळी घातली’ अशी तक्रार नातेवाईक करतात, तेव्हा पुष्कळदा त्या नळीनेच जीव वाचविलेला असतो.

ही नळी, जिला सर्वत्र स्टेंट म्हणतात, स्वतंत्र उल्लेखास पात्र आहे. १९७८ मध्ये फिनी यांनी वर्णन केलेल्या तिच्या रूपात दोन्ही टोके आकड्यासारखी वळलेली असतात. एक मूत्रपिंडात व एक मूत्राशयात अडकून राहते, म्हणून ती सरकत नाही. शस्त्रक्रियेनंतर सूज ओसरेपर्यंत मूत्र वाहते ठेवणे हे तिचे काम. काही दिवस ते काही आठवडे, आणि सामान्यतः फार तर तीन महिने, एवढीच तिची मुदत असते. ती आत असताना वारंवार लघवीस होणे, किंचित रक्त दिसणे, लघवी करताना कुशीत दुखणे हे त्रास होतात. पण बऱ्याच रुग्णांना ते पुढे अंगवळणी पडतात, आणि तेथेच घात होतो. खडा गेला, दुखणे गेले. ऊसतोडीसाठी किंवा बांधकामावर दूर गेलेला मजूर पुन्हा तपासणीस येत नाही. काहींना तर आत नळी ठेवली आहे हे कोणी समजेल अशा शब्दांत सांगितलेलेच नसते. मूत्रातील क्षार नळीवर साकळू लागतात, आणि वर्षा-दोन वर्षांत तीच दोन्ही टोकांस खडा धरलेली, ठिसूळ, मध्येच तुटणारी वस्तू होते. मुदतीत आलेल्या रुग्णाची नळी केवळ जागा बधिर करून काही मिनिटांत काढता येते. विसरलेल्या नळीसाठी खालचे टोक मूत्राशयात फोडावे लागते, वरचे टोक पाठीतून वाट करून सोडवावे लागते, आणि तोपर्यंत ते मूत्रपिंड निकामी झालेले असेल तर ते काढून टाकण्यावाचून गत्यंतर उरत नाही. म्हणून काही रुग्णालयांत नळी घातलेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद वेगळ्या वहीत किंवा संगणकात ठेवून मुदत भरताच त्याला बोलावणे धाडतात. आणि घरी जाताना दिलेल्या कागदावर, शस्त्रक्रियेच्या नावाखाली, नळी आत आहे आणि ती अमुक तारखेस काढावयाची आहे, हे रुग्णाच्या भाषेत ठळक अक्षरांत लिहून देतात.